फळ्याची कड

केमच्या स्टेशनावर गाडी लागली तेव्हा आबांनी आधी माझी वळकटी डब्यात फेकली आणि पाठोपाठ मला. सोलापूरच्या बोर्डिंगात राहून शिकायला निघालेला आपल्या महारवाड्यातला मी पहिलाच, म्हणून तुम्ही सगळे फलाटावर जमला होता. आई रडत होती. आबा मात्र खिडकीशी येऊन दरडावून म्हणाले, "तितं कुटंबी बसवू देत, आवाज बारीक करू नगंस."

गावच्या शाळेत आपल्या मुलांची जागा पडवीत, दाराबाहेर. मास्तर आत शिकवत, आम्ही बाहेर ऐकत असू. पाटी तपासायची तर ती जमिनीवर ठेवून मागं सरायचं, मग मास्तर छडीच्या टोकानं चूक दाखवत. फळ्याची मला नुसती काळी कड दिसायची. पाढे मात्र मी असे ओरडून म्हणायचो की वेशीपर्यंत ऐकू जावेत.

सोलापुरात पहिल्या दिवशी सगळी मुलं वर्गात शिरली आणि मी दाराबाहेर भिंतीला टेकून बसलो. मला कुणी बसवलं नव्हतं बरं का! मीच आपला सवयीनं बसलो. हजेरीत नाव आलं तसा बाहेरून दणदणीत "हजर!" ठोकला. वर्ग खो खो हसला. गुरुजी बाहेर आले, ते काही हसले नाहीत. "वर्ग आत आहे रे," म्हणाले आणि दंडाला धरून मला बाकावर नेऊन बसवलं. शिकवणाऱ्याचा हात अंगाला लागण्याची ती माझी पहिली वेळ. माझे डोळे भरून आले.

आत आलो खरा, पण समोर अख्खा फळा बघून घाम फुटला. माझं सगळं शिक्षण कानानं झालेलं. दोन ओळी उतरवतोय तोवर गुरुजी फळा पुसून मोकळे. आणि सहामाहीचे प्रश्न फळ्यावरच लिहून देणार होते. नापास होणाऱ्याची बोर्डिंगातली जागा जायची, म्हणजे मी पुन्हा केमला.

शेजारी नरसय्या बसायचा, विणकराच्या घरचा. घरी तेलुगू, त्यामुळे गुरुजींचं मराठी त्याच्या डोक्यावरून जाई. पण फळ्यावरचं तो रांगोळी काढावी तसं झरझर उतरवी. आमची जोडी जमली. मी त्याला अर्थ सांगायचो, तो मला फळा वाचायला शिकवायचा. अभ्यास त्यांच्या घरी, चालू मागाशेजारी. त्या खटखटीत ओरडल्याशिवाय काही ऐकूच येत नसे. तिथं माझ्याइतका लायक मास्तर दुसरा कोण मिळणार? त्याची आई हसत हसत भाकरी नि शेंगाची चटणी पुढं करायची.

सहामाहीत मी वर्गात पहिला आलो. नरसय्याही पास. त्या संध्याकाळी मिलचा भोंगा झाला तो माझ्याच नावानं, असं मला वाटलं. अजूनही वाटतं!

आता मी इथंच सोलापुरात मास्तर आहे. तोंडात टाइमटेबल, इन्स्पेक्शन असले शब्द बसलेत. गावी आलो की तुम्ही मला "साहेब" म्हणून चिडवता. पण मागच्या महिन्यात आबा आले ते थेट शाळेत, आणि वर्गाबाहेर भिंतीला टेकून बसले. मी म्हटलं, "आबा, आत या."

"र्‍हाऊ दे. हितनंबी ऐकू येतंय की."

"ऐकू येतंय, पण दिसत न्हाय." मी दंडाला धरून त्यांना आत आणलं आणि पहिल्या बाकावर बसवलं. पोरं उभी राहिली. आबांनी फळा या कडेपासून त्या कडेपर्यंत न्याहाळला आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "एवढा मोठा असतो व्हय रं फळा?"

माझ्या माणसांनो, गाव कुठलं म्हणून कुणी विचारलं तर मी केमच सांगतो. पण घर विचारलं तर आबा बसले होते तो बाक डोळ्यांपुढं येतो. सोलापूरला याल तेव्हा दाराशी थांबू नका, सरळ आत या.