आधी माझे बघ

आमची ताई एका मोठ्या हॉटेलात साफसफाई खात्याची प्रमुख होती. नवी माणसं घ्यायची असली की केस, दात, बूट, खोकला, सगळं तीच तपासायची. पण तिचा खरा डोळा हातांवर. उमेदवार समोर बसला की ती आधी स्वतःचे दोन्ही हात टेबलावर पसरायची. "आधी माझे बघ," म्हणायची, "मग तुझे दाखव." बावीस वर्षं हाच शिरस्ता. समोरच्याच्या हातावर काही उठलेलं दिसलं की वहीत नाव, आणि पुढे 'बरे झाल्यावर यावे.' तिच्यापुढे कुणाची डाळ शिजायची नाही, सख्ख्या बहिणीचीही नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अंगठ्याला एवढंसं गळू होतं, तर मला सगळ्यांदेखत परत पाठवलं. महिनाभर मी तिच्याशी बोलले नाही. पुढे गळू बसलं आणि मी तिथेच धुलाईत लागले.

गेल्या महिन्यात तिचं काहीतरी बिनसलं. एका जागी बसेना. पंखा लाव, पंखा बंद कर, खिडकी उघड. जेवताना डावा हात मांडीखाली. मी वैतागून म्हटलं, "अगं, झालंय तरी काय तुला?" तेव्हा तिने हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटून लाल झाली होती.

"दवाखान्यात चल."

"आणि डॉक्टरने काम बंद करा असं लिहून दिलं तर? शुक्रवारी भरती आहे. नवा मॅनेजर शेजारी बसणार."

"मग रजा टाक."

"भरतीच्या दिवशी मी कधी रजा घेतली आहे का? लगेच संशय येईल त्याला."

शुक्रवारी ती पांढरे सुती हातमोजे घालून बसली. मॅनेजरने विचारलं तर म्हणाली, नवी पद्धत आहे. मापाचे गणवेश घेऊन मी दाराशीच उभी होते, जीव टांगणीला लागलेला. तीन उमेदवार झाले. ताई सारखी खुर्चीत चुळबुळत होती, पण निभावलं.

चौथी बाई आमच्याच वयाची. हात पिशवीखाली लपवलेले, काढायलाच तयार नाही. अशी घाबरलेली बाई दिसली की ताईचा आवाज आपोआप मऊ होतो. "घाबरू नकोस," ती म्हणाली, "आधी माझे बघ." आणि बोलता बोलता मोजे काढून हात टेबलावर ठेवले.

मॅनेजर बघतच राहिला. ताईच्या लक्षात आलं, पण हात तिने मागे घेतले नाहीत. त्या बाईने हळूच आपले हात शेजारी ठेवले. भाजल्याचा जुना डाग होता, बाकी स्वच्छ.

"हा डाग चालतो. सोमवारी ये," ताई म्हणाली आणि वही ओढून स्वतःचं नाव लिहायला लागली.

मॅनेजर पुटपुटला, "ताई, आपण नंतर बघू ना."

"नंतर काय बघायचं, साहेब? माझ्या बहिणीच्या वेळी मी 'नंतर बघू' म्हटलं नव्हतं."

डॉक्टर म्हणाले, हे दुसऱ्याला लागणारं नाही, साफसफाईच्या औषधांनी झालंय. पण त्या कामावर परत गेलात की परत उठणार. ताईने ते निम्मंच ऐकलं, लागणारं नाही एवढंच. आता रोज सकाळी मी कामाला निघाले की ती दारात हात पुढे करते. मी नीट बघते. कातडी बरीचशी भरून आली आहे.

"अजून नाही," मी म्हणते, आणि भराभर जिना उतरते.