नानांच्या मायला गोरी करणारा प्रिंटर

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं.

पिंप्राळ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. सकाळी एक नाना त्यांच्या वारलेल्या आईचा मोठा फोटो न्यायला आले. फोटो बघितला आणि म्हणाले, "भाऊ, हाई मनी माय नही शे."

खरंच, ती त्यांची माय वाटतच नव्हती. स्क्रीनवर काळीसावळी माय, कागदावर गुलाबी गोरी! प्रिंटरचं हेड साफ केलं, कागद बदलला, शाई तपासली. काही फरक नाही. शेवटी प्रिंटरचं कलर प्रोफाइल बनवून गेलेल्या टेक्निशियनला फोन लावला. स्क्रीनवरचा रंग कागदावर तसाच उतरावा, एवढ्यासाठीच तर ते प्रोफाइल असतं.

तो म्हणतो, "भाऊ, चेहरे जरा गोरे येतील असंच करून दिलंय. सगळ्याच स्टुडिओंना तसं देतो. लोकांना आवडतं."

अरे, तुला विचारलं कोणी? जन्मभर केळीच्या बागेत राबलेली बाई मेल्यावर तू परस्पर गोरी करणार?

चेहरे गोरे न करणारं मूळ प्रोफाइल मागवलं, प्रिंट पुन्हा काढली. नानांनी बघितलं, टोपी काढली आणि फोटोला हात जोडले.

तुमच्याही भिंतीवर फोटो असेल. हारामागचा चेहरा एकदा नीट बघा. तुमचंच माणूस आहे ना ते?