पंख्याजवळची खुर्ची

माझ्या चुलत सासऱ्यांइतकं मन लावून रागावणारा माणूस हुगळीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. चारचौघांचा राग नाकावर असतो, काकांचा कानात आहे. चमचा बशीवर आपटला की त्यांची भुवई चढते. काकूंनी मिक्सर लावला की बाहेरच्या खोलीतून निकाल येतो, "मोटरचे ब्रश झिजलेत, बंद कर!" आमच्या लग्नात मी अंतरपाटाआड घामाघूम उभा होतो आणि हे गृहस्थ भटजींना थांबवून सांगत होते, "त्या डावीकडच्या स्पीकरचा पडदा फाटलाय, आधी तो बघा." पडदा खरोखरच फाटलेला निघाला, याचा मला आजही राग आहे.

काका जन्मले हावड्यात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बंगाली, आणि अख्खी नोकरी एका छोट्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचं, ही त्यांची विद्या. पुढे कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली. रिकाम्या शेडमध्ये काही तरुणांनी महिन्यातून एका रविवारी दुपारी नॉइज म्युझिकचे कार्यक्रम सुरू केले. ज्यांच्या नशिबी हे आलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: सूर नाही, ताल नाही, शब्द नाहीत. पत्र्याला माइक चिकटवायचे, मोडके रेडिओ जोडायचे, आणि पाऊण तास असा घरघराट करायचा की पोटातलं जेवण जागा बदलतं. काका एकदा बाजारात निघाले असताना तो आवाज त्यांनी रस्त्यावरून ऐकला. त्यांना वाटलं, कारखाना सुरू झाला! पिशवी सांभाळत ते धावत आत गेले. आत यंत्र एकही नव्हतं. तरी भिंतीतल्या जुन्या एक्झॉस्ट पंख्याजवळ, जिथे नोकरीत असताना त्यांची बसायची जागा होती, तिथे खुर्ची ओढून बसले ते शेवटपर्यंत उठले नाहीत. घरी काकूंनी विचारलं, "कोथिंबीर कुठाय?" तर म्हणाले, "फार दिवसांनी काहीतरी धड ऐकलं."

तेव्हापासून एक रविवार चुकला नाही. पिशवीत तेलाची कुपी असायची. कार्यक्रमाआधी पंख्याला दोन थेंब घालायचे आणि मग प्रेक्षकांकडे वळायचं. नवखा माणूस त्यांना दारातच ओळखू यायचा. कुणी कानांवर हात ठेवून खिदळतो, कुणी व्हिडिओ काढतो, कुणी "गाणं कधी सुरू होणार?" असं गाणं चालू असताना विचारतो. डोळे मिटून मान डोलावणाऱ्यावर तर काका विशेष खवळायचे: "ताल नाही, तर मान कशावर हलवतोस?" पहिली ताकीद बंगालीत, दुसरी हिंदीत, आणि तिसरी थेट मराठीत: "ए शहाण्या, ऊठ, चालता हो!" तिथे मराठी कुणाला येत नव्हतं, पण अर्थ विचारायला कुणी थांबलं नाही. निळ्या चष्म्याची एक मुलगी पहिल्याच दिवशी फिस्सकन हसली. तिला म्हणाले, "पाच मिनिटं गप्प ऐक, मग हसायचं तर हस." ती बापडी मग हसलीच नाही. आणि एकदा आवाज करणाऱ्याचा अँप्लिफायर खरंच जळायला लागला. धूर बघून नवखी मंडळी शिट्ट्या मारताहेत, टाळ्या वाजवताहेत! काकांनी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. "जळतंय ते, गाढवांनो!"

आता माझा पराक्रम ऐका. न्यू टाउनच्या माझ्या ऑफिसातल्या तिघांना मी एका रविवारी तिथे घेऊन गेलो. संगीतासाठी कसला नेतोय. आमच्या घरात काय नग आहे ते दाखवायला. तिघांनी बसल्या बसल्या पगारवाढीच्या गप्पा सुरू केल्या. काका उठून आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अहो जावईबापू, तुमच्या पाहुण्यांना चहाला घेऊन जा. आणि तुम्हीही परत येऊ नका." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक कार्यक्रम ठेवणाऱ्या तरुणाकडे गेलो. त्या घरघराटात ऐकू जावं म्हणून बेंबीच्या देठापासून हिंदीत ओरडलो, "या म्हाताऱ्यामुळे इथे नवीन माणूस टिकत नाही! आवरा त्याला!" आणि माझं नशीब बघा, नेमका त्याच क्षणी कार्यक्रम संपला. अख्ख्या शेडमध्ये माझं एकट्याचं वाक्य घुमलं. तो तरुण खाली बघत राहिला. काकांनी पिशवी उचलली, "बरोबर आहे," म्हणाले, आणि गेले.

चार महिने झाले, ते तिथे फिरकलेले नाहीत. घरीही रागावत नाहीत. परवा काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो, मिक्सरलासुद्धा काही बोलत नाहीत हो ते." मला भीतीच वाटली. त्या तिघांचा राग येतो, पुन्हा शेडकडे ढुंकून बघितलं नाही त्यांनी. त्या तरुणाचा येतो, मला एका शब्दाने गप्प केलं नाही त्याने. आणि स्वतःचा तर इतका येतो की सांगायची सोय नाही. चांगल्या माणसाला त्याच्याच जागेतून उठवलं मी!

गेल्या रविवारी एकटाच गेलो. कार्यक्रम संपला, वाजवणाऱ्यांनी वायरी काढल्या, तरी एक खरखर चालूच होती. तो पंखा होता. नवखी मंडळी कार्यक्रम चालू आहे असं समजून डोळे मिटून बसलेली. मला राहवेना. फोन काढला, काकांना लावला आणि पंख्यासमोर धरला. तोच मागून आवाज आला, "फोन बंद कीजिए. बाहर जाइए." बघतो तर निळा चष्मा! मी निमूट बाहेर आलो.

"काका, ऐकलंत?"

"तुम्ही कार्यक्रमात फोन काढलात?"

"काढला. त्या निळ्या चष्मेवालीने मला हाकललं."

"कोण, ती हसरी?" मग म्हणाले, "शाब्बास." ती शाबासकी मला नव्हती एवढं नक्की.

"काका, मी चुकलो. तुम्ही या."

त्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. "पंख्याचं मागचं बेअरिंग गेलंय," म्हणाले. "आता तेलाने भागायचं नाही." आणि मग, "माझ्या खुर्चीवर कोण बसतं हो?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

त्यांनी फोन ठेवला. येतो म्हणाले नाहीत. खरं तर त्या खुर्चीवर हल्ली सगळे आपापल्या बॅगा टाकतात. पुढच्या वेळी मी सगळ्यांच्या आधी जाऊन, कुणी रागावलं तरी चालेल, तिथे एकही बॅग ठेवू देणार नाही.