हास्य क्लबातली गेलेली माणसं

आमच्या हास्य क्लबातलं कुणी गेलं की दोन दिवस सगळे त्यांच्याबद्दल चांगलं बोलतात आणि तिसऱ्या दिवसापासून खरं बोलायला लागतात. किस्से साठतात ते तिसऱ्या दिवसापासून. आता इतके साठलेत की सकाळी हसण्याचा व्यायाम कमी आणि गेलेल्यांवरच्या गप्पा जास्त होतात.

क्लब बाळकुमला आमच्या सोसायटीच्या बागेत भरतो. सगळे साठीच्या पुढचे आणि मी दहावीत. तोंडी परीक्षेत माझा आवाज बाईंपर्यंत पोचत नाही, म्हणून आईने मला सातवीतच तिथे पाठवलं. "चारचौघांत मोठ्यांदा हसलीस की आपोआप बोलायलाही लागशील," ती म्हणाली. तीन वर्षं झाली. मी मागच्या रांगेत उभी राहून तोंड उघडते, आवाज काढत नाही. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मागच्या रांगेतून दिसतं मात्र सगळं.

*

क्लब काढला मोकाशी सरांनी. ते शाळेत पीटीचे शिक्षक होते. शिट्टी वाजली की हसायचं, पुन्हा वाजली की थांबायचं. मध्येच कुणाला खरंच हसू आलं तर सर ओरडायचे, "कोण हसतंय रे तिकडे?"

उशिरा येणाऱ्याला शिक्षा होती. एकट्याने दहा सिंहहास्यं. म्हणजे जीभ पूर्ण बाहेर काढून, हातांचे पंजे दाखवून हसायचं. एकदा सर स्वतःच पाच मिनिटं उशिरा आले. त्यांनी स्वतःसाठीच शिट्टी वाजवली आणि गेटकडे तोंड करून सुरू झाले.

वॉचमनचा नोकरीतला तो पहिला दिवस होता. सातव्या सिंहाला त्याने इंटरकॉम उचलला. "सेक्रेटरीसाहेब, एक म्हातारे माझ्यावर गुरगुरतायत. मी त्यांना काही केलेलं नाही."

*

सर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी क्लबने दोन मिनिटं मौन पाळायचं ठरवलं. सरांचा मुलगा समोर हात जोडून उभा होता.

क्लबात मौनहास्य नावाचाही एक प्रकार आहे. ओठ घट्ट मिटायचे, मान खाली घालायची आणि फक्त खांदे हलवून हसायचं.

कोलशेतचे नाखवा त्या दिवशी उशिरा आले. नाखवा म्हणजे जुने कोळी. त्यांची खाडीत होडी होती, पण मुलाने आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतल्यामुळे इकडे राहायला आलेले. त्यांना सर गेल्याचं कळलंच नव्हतं. सगळे मान खाली घालून, ओठ मिटून उभे. ते गुपचूप पहिल्या रांगेत घुसले आणि खांदे हलवायला लागले. शेजारच्या दळवी काकांनी ते तिरक्या डोळ्याने पाहिलं आणि त्यांचेही खांदे हलायला लागले. मग अख्खी रांग हलायला लागली.

सरांच्या मुलाला भरून आलं. त्याने पुढे येऊन नाखवांना मिठीच मारली. "बाबांवर तुमचं एवढं प्रेम होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं."

त्याच्या खांद्यावरून नाखवा आम्हाला भुवया उडवून विचारत होते, काय झालं? कुणीतरी आकाशाकडे बोट दाखवलं. तेव्हा नाखवा खरोखर रडायला लागले. इतके की दळवी काकांनी त्यांना कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाले, "पुरे आता. जास्त होतंय."

*

सरांचं हजेरीचं रजिस्टर दळवी काकांकडे आलं. काका पूर्वी जकात नाक्यावर कारकून होते, नियमाचे एकदम पक्के. नवीन महिना लागला तेव्हा ते पेन धरून बसून राहिले. सरांचं नाव काढायला मन होईना. गैरहजर लिहावं तर सरांचं रेकॉर्ड खराब होतं.

शेवटी त्यांनी लिहिलं, "रजा."

नाखवा वाकून बघत होते. "किती दिसांची?"

काका म्हणाले, "अर्जात लिहिलेलं नाही."

*

नाखवांचं आयुष्य एका होडीतून दुसऱ्या होडीला हाका मारण्यात गेलेलं. ते हसले की पार्किंगमधल्या गाड्यांचे अलार्म वाजायचे. चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंनी सोसायटीकडे तीन वेळा लेखी तक्रार केली होती.

नाखवा गेल्यावर आठ दिवसांनी त्या बाईंची चौथी तक्रार आली. "सकाळी साडेसहा वाजता होणारा आवाज गेला आठवडाभर बंद असल्याने माझ्या मुलाला जाग येत नाही व त्याची स्कूल बस चुकते. तरी योग्य ती व्यवस्था करावी."

सेक्रेटरींनी ते पत्र नोटीस बोर्डावर लावलं. ते अजून कुणी काढलेलं नाही.

*

नाखवांच्या फोटोचं तर वेगळंच झालं. मोकाशी सरांच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर आधार कार्डावरचा फोटो छापला होता. त्यात सर कुठूनतरी पकडून आणल्यासारखे दिसत होते. नाखवांनी त्याचा धसकाच घेतला. ते टेंभी नाक्यावरच्या एका स्टुडिओत गेले आणि काळा गॉगल, सोन्याची चेन, मागे काश्मीरचा पडदा असा फोटो काढून आले. क्लबात काही जणांना एकेक कॉपी दिली.

"माजा बॅनर लावाल तं योच फोटो लावा. आधारचा लावलाव तं उठून येन."

पण त्यानंतर ते चांगले ठणठणीत राहिले. सहा महिन्यांनी त्यांना वाटलं, आपण आता फोटोपेक्षा बरे दिसतो. पुन्हा टेंभी नाका. गॉगल तोच, पडद्यावर ताजमहाल. असे चार फोटो झाले आणि प्रत्येक वेळी त्यांनी तो वेगळ्याच माणसांना दिला.

ते गेल्यावर प्रत्येकाचं म्हणणं, माझ्याकडे आहे तीच नाखवांची शेवटची इच्छा. कुणी ऐकेना. शेवटी बॅनरवर चारही नाखवा ओळीने छापले.

गेटसमोरून जाणारी एक बाई थांबली, तिने हात जोडले आणि हळहळली, "अरेरे. चार भाऊ? एकदम?"

*

दोन महिन्यांपूर्वी दळवी काकू गेल्या.

काकू कणकवलीकडच्या. त्यांच्याकडे एकच विनोद होता. एक माणूस बैल घेऊन एसटीच्या दारात उभा राहतो. कंडक्टर म्हणतो, आत जागा नाही. म्हणून तो बैलाला गाडीच्या मागे दोरीने बांधतो. घाटात गाडी बंद पडते. मग बैलाला गाडीच्या पुढे जुंपतात. इथपर्यंत आल्या की काकूंना बोलताच यायचं नाही. पदर तोंडाला, खांदे गदगदा हलतायत, डोळ्यांतून पाणी. लोक थोडा वेळ थांबायचे आणि निघून जायचे.

मला कुणाचं बोलणं चालू असताना उठता येत नाही. म्हणून एकदा मी बसून राहिले. काकू पाण्याची अर्धी बाटली प्यायल्या, मग म्हणाल्या, "ऐक गो शेवट," आणि त्यांनी मला शेवट सांगितला.

शोकसभा बागेतच झाली. एकेक जण उठून चांगलं बोलला. मग दळवी काका उभे राहिले.

"मला एकच विचारायचंय," ते म्हणाले. "तिची ती एसटीची गोष्ट. मी कधी शेवटपर्यंत ऐकली नाही. बारा दिवस डोक्यात तेवढंच आहे. तुमच्यापैकी कुणी ऐकलीय का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "आम्ही घाटापर्यंतच आहोत," कुणीतरी म्हणालं. काका एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. कुणी मान हलवली की ते पुढच्याकडे वळत होते.

मी वहीचं पान फाडून त्यावर शेवट लिहिला, मागून पुढे गेले आणि त्यांच्या हातात दिला.

काकांनी कागद लांब धरून पाहिला. "चष्मा घरी राहिला गं. तूच वाच."

मी वाचलं. मागून आवाज आला, "मोठ्यांदा." मी पुन्हा वाचलं. तरी काकांनी कानाला हात लावला. तेव्हा मी कागद खाली घेतला आणि सांगितलं.

"बैल गाडी ओढत डेपोपर्यंत आणतो. प्रत्येक स्टॉपवर कंडक्टर सवयीने एक बेल देतो, बैल थांबतो. डबल बेल देतो, बैल निघतो. डेपोत मालक बैलाला सोडतो आणि म्हणतो, चल. बैल हलत नाही. ढकललं तरी हलत नाही. कंडक्टर डबल बेल देतो. बैल निघतो. म्हणून त्या माणसाला कंडक्टरलाही घरी न्यावं लागतं."

माझा आवाज पार गेटपर्यंत गेला असावा, कारण वॉचमन वळून बघत होता. कुणीच हसलं नाही. सगळे काकांकडे बघत होते.

काका खुर्चीत बसले.

"म्हणजे जगतो," ते म्हणाले. "ती घाटात आली की डोळे पुसायची. मला चाळीस वर्षं वाटत होतं, बैल मरतो. म्हणून मी तिथेच उठून चहा टाकायला जायचो."