आई एकट्या सांगलीला गेल्या

गेल्या महिन्यात एका रविवारी सासूबाईंना घेऊन कराडला सिनेमाला गेले होते. खरं तर नवऱ्याबरोबर जायचं होतं, पण त्याला ऐनवेळी कंपनीत बोलावलं. तिकिटं काढलेलीच होती... म्हटलं, चला आई, आपणच जाऊ.

सिनेमा हलकाफुलका, प्रेमाचा. नायिका नोकरीसाठी नव्या गावात येते आणि शेजारचा मुलगा तिच्या प्रेमात पडतो. तिचं सिलिंडर तोच जोडतो, बँकेत तोच जातो, तिची स्कूटरसुद्धा तोच चालवतो... थिएटर नुसतं हसत होतं. शेवटी तो अंगठी घेऊन येतो, तर ती म्हणते, "आवडतोस तू मला. पण आधी मला माझं माझं जगून बघू दे."

मागच्या रांगेतल्या एक काकू वैतागल्या, "आता ह्याच्यापरास चांगला कुठं घावणार हाय हिला?" सगळे हसले. आई हसल्या नाहीत.

बाहेर रस पिताना म्हणाल्या, "पोरगं लय गुणाचं हाय गं. पर तिला काय करूच देईना..."

मला वाटलं, सिनेमाबद्दलच बोलतायत.

आमचे सासरे, आबा, सैन्यातून रिटायर झालेले. माणूस सोन्यासारखा, आईंना कधी उणा शब्द नाही. पण लग्न झाल्यापासून आई एकट्या कुठं गेल्याच नाहीत. आबा नोकरीवर असताना घरातलं कुणीतरी बरोबर असायचं, आणि ते परतल्यापासून दवाखाना असो की माहेर, आबा सोबत. "मी हाय की!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सांगलीला आईंच्या थोरल्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या संध्याकाळी जेवताना आबा म्हणाले, "गुरुवारी गाडीनं जाऊन येऊ." आईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "तुमी नगा येऊ. मी एकटी जाते एस्टीनं. चार दिस ऱ्हाते आक्काजवळ."

आबांचा घास हातातच राहिला. "अगं, गाडी चुकलीस म्हंजे?"

"चुकले तर इचारीन. तोंड हाय की मला."

आबा रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना लागलं होतं. हळूच म्हणाले, "माझं काय चुकलं का गं?"

"तुमचं काय चुकलं न्हाई वो," आई म्हणाल्या. "पर उद्या तुमच्या माघारी मला कसं जमायचं, ह्याची लय भीती वाटती..."

आबांनी ताटातली भाकरी कशीबशी संपवली आणि उठले.

गुरुवारी मी आईंना स्टँडवर सोडलं. गाडीत बसवून द्यायचं माझ्या मनात होतं, पण त्यांनी मला फाटकातूनच परत पाठवलं.

दुपार झाली तरी फोन नाही. आबा अंगणात येरझाऱ्या घालत होते... आणि मी ऑफिसमध्ये मोबाईलकडं बघत बसलेली. शेवटी संध्याकाळी मी घरी पोचले, तेव्हा फोन आला. आई कोल्हापूरच्या गाडीत चढल्या होत्या! तिकीट काढताना कंडक्टरनं सांगितलं, मग सांगलीचा रस्ता फुटतो त्या पेठ नाक्यावर उतरल्या. दोन बायकांना विचारलं, टपरीवर चहा घेतला आणि सांगलीची गाडी पकडली. पोचल्यावर बहिणीशी गप्पांत फोन करायचंच विसरल्या.

हे सगळं सांगताना इतक्या हसत होत्या, की मलाही हसू आवरेना. "एकटीनं चा प्याले गं टपरीवर! कोन न्हाई, काय न्हाई..."

आबांनी फोन घेतला. "तितंच थांब, मी रविवारी न्यायला येतो."

"नगा. आले तशी येते."

आणि आल्या. दारात आबांनी पिशवी घ्यायला हात पुढं केला... आणि तसाच मागं घेतला. आई पिशवी घेऊन सरळ आत आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या बारीला तुमाला न्हेते मी. गाडी कुठं बदलायची ते ठावं झालंय आता."

आबा मोठ्यानं हसले. चार दिवसांत पहिल्यांदा.

मी नोकरी करते, माझं मी कमावते, स्वतःला स्वतंत्र समजते. तरी 'तुझ्या माघारी माझं कसं' हे नवऱ्याच्या तोंडावर विचारायचं धाडस मला झालं नसतं. आई, तुम्ही ते भरल्या ताटावर विचारलंत... आणि उत्तरही स्वतःच शोधून आलात. तुमच्या घरात सून म्हणून आले, याचं त्या दिवशी फार बरं वाटलं.