खिडकीवरची टिकली

"सोमवारपासून कपाळावर ते लाल काही नको," मॅनेजर म्हणाला. "कस्टमर बिचकतात. लावायचंच असेल तर मागच्या खोलीत चेक क्रमाने लावायला बस."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत पार्सिपनीजवळच्या एका बँकेत मला नुकतीच खिडकीवर बसायची नोकरी लागली होती. चार माणसं दिसायची, माझं इंग्रजी सुटायला लागलं होतं. मागच्या खोलीत भिंती सोडून काही नव्हतं. माझं डोकंच फिरलं. नवरा म्हणाला, "अगं, पर्समध्ये ठेव, सुटल्यावर पार्किंग लॉटमध्ये परत लाव." कुंकू म्हणजे काय गॉगल आहे?

शेजारच्या खिडकीवर एक काळी बाई बसायची, माझ्याहून बरीच मोठी. साठच्या दशकात काळ्यांच्या हक्कांसाठी मोर्चे काढलेली. लंचला मी धुसफुसले, तेव्हा तिनं सांगितलं, "कॉलेजात आम्ही केस उगवतात तसेच ठेवायचो, डोक्याभोवती हा एवढा घेर. एकीला त्यावरून वर्गाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी तशाच गेलो. किती जणींना काढणार?"

तिचे स्वतःचे केस मात्र टाळूची आग करणारं औषध लावून चापूनचोपून सरळ केलेले. मी त्यांच्याकडे बघतेय हे तिला कळलं. "पोरं शिकवायची होती," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "तुझ्याकडे ते लाल पुरेसं आहे का?"

नशीब माझं, संक्रांत नुकतीच झाली होती आणि रथसप्तमी यायची होती. सोमवारी बँक उघडायच्या आत मी लंचरूममध्ये चक्क हळदीकुंकू मांडलं. हे सवाष्णींचं असतं, असं मी तिला आधी सांगून बसले होते. ती म्हणाली, "माझा नवरा तर वारलाय." म्हटलं, सासूबाई पुण्यात आहेत, त्यांना इथलं दिसत नाही. पहिलं बोट तिच्याच कपाळाला लावलं. मग बाकीच्या खिडक्यांवरच्या आपणहून पुढे आल्या.

मॅनेजर आला तर प्रत्येक खिडकीत कुंकू. तेवढ्यात एक म्हातारी कस्टमर, जिच्यापुढे तो कमरेत वाकायचा, ती म्हणाली, "आज सण आहे का? मलाही लावा." लावलं. मी त्याच्या हातात तिळाचा लाडू ठेवला. पाक बिघडून लाडू दगड झाले होते, त्यामुळे बराच वेळ त्याला बोलताच आलं नाही. नंतर तो विषय त्यानं काढलाच नाही.

पुढच्या वर्षी संक्रांतीनंतरच्या सोमवारी माझी शेजारीण आली ती डोक्याभोवती भला मोठा घेर घेऊन. वर्षभर औषध बंद ठेवून जुने सरळ केस कापून टाकले होते म्हणे, नवे उगवलेले मोकळे सोडलेले. बसता बसता मला म्हणाली, "पोरं शिकली माझी. आता मला काढलं तरी चालेल."  मॅनेजर केबिनमधून बाहेर आला, तिच्यासमोर थांबला, तोंड उघडलं.

मी याही वर्षी दगड झालेल्या लाडवांचा डबा उघडून पुढे केला.

तो परत आत गेला. त्या दिवशी शेजारून मला तिचं तोंड दिसेना, नुसते केस दिसत होते.