हलीमसाहेबाचा माळ

सोनखडीच्या वरच्या अंगाला गायरानाचा मोठा माळ आहे. गावात त्याला हलीमसाहेबाचा माळ म्हणतात. वडवणी तालुक्यात माळ पुष्कळ, पण ह्या माळाच्या उतारावर ठिकठिकाणी अर्धगोल उंचवटे आहेत आणि प्रत्येकाच्या पोटाशी बशीसारखा खोलगा. निजामाच्या राज्यात एका बड्या अंमलदाराचा डेरा इथं पडायचा. त्याच्या हौसेपायी हॅलम नावाच्या इंग्रजानं ह्या माळावर गोल्फचं मैदान आखून दिलं होतं. पुढं अंमलदार गेला, राज्यही गेलं. हॅलमचा हलीम झाला आणि नंतरच्या पोरासोरांना तो कुणी फकीर असावा असंच वाटायचं.

खोलग्यांत मात्र हरळी माजायची. आजूबाजूचा मुरूम तापून उठला तरी तिथलं गवत मुळाशी जीव धरून असायचं. भिमाबाई ओव्हाळच्या दूध संस्थेची जनावरं त्याच गवतावर जगत होती.

भिमाबाईचं अर्धं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. दिवाळी झाली की नवरा बन्सीबरोबर कोयता घेऊन कारखान्यावर जायचं आणि उन्हाळ्यात परतायचं. वस्तीतल्या बायांनी मिळून महिला दूध सहकारी संस्था काढली, एकेक गाय दारात आली, तेव्हा कुठं तिचा कोयता सुटला. बायांनी तिला अध्यक्ष केलं. पण स्वभाव भित्रा. गाय जरा कमी खाऊ लागली तरी ही रात्रभर गोठ्यात बसायची. ह्यातली कुणीही बाई पुन्हा ऊसतोडीच्या कोप्यावर जाऊ नये, एवढी एकच काळजी ती उठताबसता वाहायची.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात गाव टँकरवर आलं. छावणीतला चारा पुरेना, म्हणून बाया पाळीपाळीनं माळावर जनावरं नेत होत्या. अशात एका सकाळी माळावर जीप दिसली. पांढरी टोपी घातलेला एक माणूस उंचवट्यांवर लाल झेंड्या रोवत होता.

तो पुण्याचा केळुसकर. गोल्फची मैदानं आखणं हा त्याचा धंदा. सरपंच आबासाहेबांनीच त्याला माळ दाखवायला आणलं होतं. गवताचं सगळं भिमाबाईला ठाऊक, म्हणून तिलाही बोलावणं गेलं. केळुसकर भला माणूस होता. सगळ्यात वरचा उंचवटा म्हणजे मैदानाचा जीव, असं म्हणून त्यानं तिथं गुडघे टेकले आणि गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा मातीवरून हात फिरवला. सांगू लागला, की हॅलम मोठा माणूस. त्याच्या शिष्यांनी शिष्य घडवले, त्यातल्याच एकाकडं मी शिकलो. जमीन सपाट करायची नाही, ती आहे तशी वाचायची, हे त्याचं म्हणणं आम्ही आजही पाळतो. त्याचं हे मैदान नांगराखाली गेलं असंच सगळे धरून चालले होते.

तो जितकं कौतुक करी तितकी भिमाबाई घाबरत होती. ज्याला कुणी विचारत नाही ते गरिबाकडं राहतं, एवढं तिनं पाहिलेलं होतं.

"हे जपलं पाहिजे," केळुसकर म्हणाला.

"कुणी जपायचं, साहेब?"

पुण्याचे एक उद्योजक तयार आहेत, त्यानं सांगितलं. कुंपण घालू, मैदान होतं तसं उभं करू, गावातल्यांना कामं मिळतील. जनावरांची काहीतरी दुसरी सोय करता येईल. आबासाहेब मान डोलवत होते. भिमाबाईनं कुठं सोय, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

उद्योजक वैशाखात माळ बघायला येणार असं ठरलं. तेव्हापासून तिचं जेवणावरचं मन उडालं. रस्त्यावर गाडीचा आवाज झाला की हातातलं काम थांबायचं. बन्सी समजूत घालायचा की ग्रामसभा हाय, आपण बोलू. पण ग्रामसभेत कुणाचं चालतं हे त्यालाही माहीत होतं.

गावाशेजारी नाला खोल करायचं काम चालू होतं. तिथं बद्रीनाथ जेसीबी चालवायचा. एका दुपारी भिमाबाई त्याच्याकडं गेली आणि वरचा उंचवटा मोडून दे म्हणाली. संस्थेला शेड टाकायचंय, असं कारण सांगितलं. तिची मैत्रीण जाईबाई सोबत होती. तिनं बाजूला ओढून विचारलं, हे काहून करतीस?

"उंचवटाच न्हाई तर साहेब कशाला येतोय?" भिमाबाई म्हणाली.

संध्याकाळच्या आत उंचवटा भुईसपाट झाला.

उद्योजक आला आणि उघड्या पडलेल्या मुरमावर पाच मिनिटं उभा राहून गेला. आबासाहेब संतापले. केळुसकर मोडलेल्या जागेभोवती हळूहळू फिरला आणि जीपमध्ये बसताना त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. भिमाबाईला वाटलं होतं, आता निवांत झोप लागेल. तशी लागली नाही.

भाद्रपदात आभाळ फाटलं. दुष्काळ हटला म्हणून गाव नाचलं, पण भिमाबाई इरलं घेऊन माळाकडं धावली. वरून येणारा लोंढा पूर्वी त्या उंचवट्याला लागून वळायचा आणि खोलग्यात पसरून शांत व्हायचा. आता तो सरळ खाली आला. पहिल्या खोलग्याची कड फुटली, मग दुसऱ्याची. हरळी मुळासकट वाहून जाताना ती बघत होती. गवताच्या जागी वीतभर गाळ आणि गोटे उरले.

संस्थेची बैठक तिनं स्वतः बोलावली. शेडचं खोटं होतं, भ्यायले म्हणून उंचवटा मोडला, अध्यक्षपद सोडते, असं तिनं उभ्यानंच सांगितलं. केशरबाईच्या दोन गाई होत्या, ती रडू लागली. शेवटी जाईबाई उठली.

"मी पण तिथंच होते. तू खाली उतरलीस म्हणून गवत वर येत न्हाई, भिमा. त्या माणसाला फोन लाव."

फोन लावायला तिला दोन दिवस धीर झाला नाही. लावला तेव्हा आधी हेच सांगितलं की मोडणारी मीच. पाठोपाठ माळ कसा वाहून गेला तेही सांगितलं. मग केळुसकरनं लोंढा कुठून कुठं गेला ते विचारलं.

तो एसटीनं आला, एकटाच. उद्योजकानं दुसरीकडं जागा घेतली होती. बन्सीच्या घरी राहून त्यानं दोरी आणि चुन्यानं उंचवट्याची रेघ आखली. उंची महत्त्वाची नाही, वळण महत्त्वाचं, असं तो म्हणायचा. पाण्याला अडवलं तर ते चिडतं, हळूच वळवलं तर ऐकतं. बाया पाट्या वाहत होत्या. बद्रीनाथनं मशीन आणलं. गोटे वेचून खोलग्यांत हरळीची ठोंबं लावली. त्या साली पुरं गवत आलं नाही. काही गाई विकाव्या लागल्या, आणि केशरबाई नवऱ्याबरोबर पुन्हा ऊसतोडीला गेली. ते भिमाबाईच्या मनातून कधी गेलं नाही. पुढच्या वर्षी हरळी धरली, तेव्हा संस्थेनं पहिली नवी गाय केशरबाईच्या दारात बांधली.

माळावर अजून संस्थेचीच जनावरं चरतात. आबासाहेब भिमाबाईशी बोलत नाहीत.

केळुसकर अधूनमधून फोन करतो. मागं एकदा फार आनंदात होता. सह्याद्रीच्या पायथ्याशी त्याचं नवं मैदान पुरं झालं होतं. त्यात त्यानं सोनखडीसारखेच खोलगे केले होते, हॅलमच्या हातचे वाटावेत असे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, तिथं आधी कुणाची जनावरं चरत होती?"

हे मी विचारलंच नाही, तो म्हणाला, आता विचारतो. त्या गोष्टीला महिना होऊन गेला, त्याचा फोन आलेला नाही. भिमाबाई फोन जवळ ठेवूनच धार काढते.